पेजेसोबत काय? गरोदरपणातील अमिनो आम्ले आणि कोकणातले ताट

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न असा आहे. पहिलेच बाळंतपण, सव्विसावा आठवडा चालू, गरोदरपणापूर्वीचे वजन 48 किलो. मागच्या सोनोग्राफीत बाळाची वाढ थोडी मागे असल्याचे सांगण्यात आले. डॉक्टरांनी प्रोटीन पावडर आणि आर्जिनीन या अमिनो आम्लाची पुडी लिहून दिली आहे, शेजारच्या काकूंनी अमिनो ॲसिडची सलाईन लावून घेण्याचा आग्रह धरला आहे, आणि घरात श्रावण पाळला जात असल्यामुळे मासे व अंडी बंद आहेत. सोमवार आणि शनिवार असे दोन उपवासही आहेत. पावडर आणि सलाईन यांतून बाळापर्यंत खरोखर काही पोहोचते का, आणि शाकाहारावर अमिनो आम्ले पुरेशी मिळतील का, असे या ताईंनी विचारले आहे. सोबत त्यांनी दोन दिवसांचे जेवणही लिहून पाठवले आहे, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार, कारण उत्तराचा निम्मा भाग त्या यादीतच आहे.

मी आहारतज्ज्ञ म्हणून गेली बावीस वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांसोबत काम करते. सुरुवातीलाच माझे मत सांगते. शाकाहारावर तुमची गरज भागू शकते, मात्र सध्याच्या ताटावर भागत नाही. सलाईनच्या मागे तुम्ही लागू नये. पावडर घेण्यास हरकत नाही, पण ती ताट सुधारल्यानंतरची गोष्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिला प्रश्न विचारते तो पेज किती पिता हा नसतो. पेजेसोबत तोंडाक लावूक काय असते, हे मी विचारते. बहुतेक वेळा उत्तर येते, लोणच्याची फोड, नाहीतर भाजलेला पापड. कोकणातल्या गरोदर स्त्रीच्या प्रथिनांचा प्रश्न बहुतांशी या एका उत्तरात सामावलेला असतो.

आपण खातो ती प्रथिने आतड्यात सुटी होऊन त्यांची अमिनो आम्ले होतात, आणि शरीर त्यांतून स्वतःला हवी ती प्रथिने नव्याने बांधते. या बांधणीसाठी वीस अमिनो आम्ले लागतात. त्यांपैकी नऊ शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात: हिस्टिडीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, लायसीन, मेथिओनीन, फेनिलॲलानीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलीन. आपल्याकडे अबोलीचा वळेसार (गजरा) करताना दोन अबोल्या, एक जुईची कळी, मग मरव्याची काडी असा क्रम ठरलेला असतो. जुई संपली तर टोपलीत अबोली कितीही उरलेली असो, तो वळेसार तिथेच थांबतो. प्रथिनांचे अगदी असेच असते. एखादे अमिनो आम्ल कमी पडले की बांधणी अडते, आणि उरलेली अमिनो आम्ले साठवून ठेवण्याची सोय शरीरात नसल्यामुळे यकृत त्यांचा नत्र वेगळा काढून युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर टाकते. चरबीसारखी प्रथिनांची कोठी शरीरात नाही, म्हणून रविवारी भरपूर खाऊन आठवडाभराची तजवीज होत नाही.

गरोदरपणात आईचे शरीर या बाबतीत फार काटकसरी बनते, आणि ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांपासून युरिया तयार होण्याचे प्रमाण घटते, आईच्या रक्तातील अमिनो आम्लांची पातळी खाली येते आणि वाया जाणारा नत्र राखून ठेवला जातो. पूर्ण गरोदरपणात साधारण 925 ग्रॅम प्रथिने नव्याने बांधली जातात असा जुना, बहुधा सर्वत्र वापरला जाणारा हिशेब आहे. त्यातला निम्म्याहून थोडा कमी वाटा बाळाच्या शरीरात जातो. बाकीचा वार (प्लॅसेंटा), गर्भाशय, स्तन आणि आईचे वाढलेले रक्त यांत वाटला जातो. ही बांधणी नऊ महिन्यांत सारखी वाटलेली नसते. पहिल्या तीन महिन्यांत ती नगण्य असते, म्हणून ज्यांना त्या काळात उलट्यांमुळे पेजेशिवाय काहीच जात नाही त्यांनी धास्ती घेऊ नये. सर्वांत मोठा भार शेवटच्या तिमाहीत येतो, आणि तुम्ही आता त्याच्या उंबरठ्यावर आहात.

आकडे सांगायचे तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. दुसऱ्या तिमाहीत त्यात रोज 9.5 ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत 22 ग्रॅम मिळवायची. तुमच्या 48 किलोंसाठी हे अनुक्रमे सुमारे 50 आणि 62 ग्रॅम होते. अमिनो आम्लांच्या ज्वलनावरून गरज मोजण्याच्या नव्या पद्धतीने कॅनडात झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तरार्धातली सरासरी गरज दर किलोमागे 1.5 ग्रॅमच्या आसपास निघाली, म्हणजे आपल्या शिफारशीपेक्षाही जास्त. त्यामुळे 62 हा आकडा मी कमाल न मानता किमान मानते.

आता सलाईनविषयी. वार म्हणजे नुसती गाळणी नव्हे. गर्भाच्या रक्तातील बहुतेक अमिनो आम्लांची पातळी आईच्या रक्तातील पातळीपेक्षा जास्त असते. म्हणजे पाणी उतारावरून वाहते तशी ती आपोआप पलीकडे जात नाहीत, वारेच्या पेशी ऊर्जा खर्च करून त्यांना चढावर ढकलतात. त्यासाठी पेशींच्या आवरणात वाहक प्रथिने असतात, आणि एकाच वाहकावर अनेक अमिनो आम्लांचा हक्क असतो. ज्या बाळांची वाढ वारेच्या दुर्बलतेमुळे खुंटते, त्यांच्यात या वाहकांचे कामच मंदावलेले आढळते. अशा वेळी शिरेतून अमिनो आम्ले सोडली तर आईच्या रक्तातील पातळी नक्कीच चढते, परंतु होडी तीच, नावाडीही तोच, आणि धक्क्यावर उतारू मात्र चौपट, अशी स्थिती होते. एकाची गर्दी दुसऱ्याला अडवते. वाढ मागे असलेल्या बाळांसाठी किंवा गर्भजल कमी झाल्यावर सरसकट अशी सलाईन लावण्याने बाळाचे भले होते, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. ज्या स्त्रीला उलट्यांमुळे दिवसेंदिवस काहीच पोटात ठेवता येत नाही तिची गोष्ट वेगळी, तिचा निर्णय रुग्णालयातच होतो. तोंडाने नीट जेवू शकणाऱ्या तुमच्यासारख्या स्त्रीने हजारो रुपये त्यात घालावेत, असे मला वाटत नाही.

आर्जिनीनची पुडी याहून थोडी वेगळी आहे. आर्जिनीनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि वारेकडे जाणारा रक्तप्रवाह सुधारू शकतो, ही त्यामागची कल्पना. मेक्सिकोतील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले, आर्जिनीन आणि जीवनसत्त्वे घातलेल्या खाऊच्या वड्या रोज घेणाऱ्या स्त्रियांमध्ये प्रीएक्लॅम्प्सियाचे (गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीत प्रथिन जाण्याच्या आजाराचे) प्रमाण सुमारे 13 टक्के राहिले. नुसती जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत ते सुमारे 23 टक्के आणि यांपैकी काहीच नसलेल्या वड्या घेणाऱ्यांत 30 टक्के होते. परिणाम लक्षणीय आहे, पण त्या सगळ्या स्त्रिया आधीपासून जोखमीच्या होत्या, म्हणजे त्यांना स्वतःला पूर्वीच्या गरोदरपणात किंवा त्यांच्या आई-बहिणीला हा आजार झालेला होता. प्रत्येक गरोदर स्त्रीला पुडी द्यावी, असा अर्थ त्यातून निघत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ती कशासाठी दिली, रक्तदाबाचा इतिहास पाहून की डॉप्लर तपासणीत (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) काही दिसले म्हणून, हे त्यांना सरळ विचारा. आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय माझ्या सांगण्यावरून ती बंद करू नका. शेंगदाणे, तीळ, काजू, भोपळ्याच्या बिया आणि खोबरे यांत आर्जिनीन चांगले असते, आणि आपल्या स्वयंपाकघरात यांची वाण कधीच नसते.

प्रोटीन पावडरीबाबत मात्र मला थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही कमी वजनाच्या प्रत्येक स्त्रीला डबा लिहून देत असे आणि तिच्या ताटाकडे पुरेसे पाहत नसे, याचे मला आजही वाईट वाटते. प्रथिने जितकी जास्त तितके बाळ मोठे, ही समजूत चुकीची आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, जिचा अहवाल 1980 मध्ये आला, एका गटाला रोज 40 ग्रॅम प्रथिने असलेले पेय देण्यात आले होते. त्या गटात बाळांचे वजन तर वाढले नाहीच, उलट फार लवकर होणाऱ्या प्रसूती आणि त्यामुळे होणारे बालमृत्यू वाढलेले दिसले. त्यानंतरच्या चाचण्या एकत्र पाहिल्यावरही हेच चित्र दिसते. ज्या पूरक आहारात एकूण उष्मांकांपैकी पाव हिश्श्याहून कमी उष्मांक प्रथिनांतून येतात, त्याने कुपोषित मातांची बाळे लहान जन्मण्याचे प्रमाण घटते. निव्वळ प्रथिनांचा मारा केला तर फायदा होत नाही आणि अपाय होण्याची शंका राहते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये संतुलित पूरक आहाराची शिफारस कुपोषणाचे प्रमाण जास्त असलेल्या भागांसाठी केली आणि अतिप्रथिन पूरक आहाराची शिफारस केली नाही, ती यामुळेच. तुमच्या डब्यावर एका मापातील प्रथिनांचे ग्रॅम पाहा, त्याला चाराने गुणा आणि त्या मापाच्या एकूण कॅलरींशी ताडून पाहा. पावहून खूप जास्त भरले तर ती पावडर जेवणाऐवजी कधीही घेऊ नका, जेवणाच्या जोडीनेच घ्या. पोटात पुरेसा भात-भाकरी नसेल तर शरीर महागडी अमिनो आम्ले चुलीत लाकडे घालावीत तशी जाळून ऊर्जा मिळवते, आणि बाळासाठी घेतलेला डबा आईच्या चालण्या-बोलण्यातच संपतो.

म्हणून भात कमी करा असे मी कधी म्हणत नाही. भाताचा दोष एकच आहे, त्यात लायसीन कमी आहे. तांदळाच्या एक ग्रॅम प्रथिनात साधारण 36 मिलिग्रॅम लायसीन असते, तर प्रौढांसाठीच्या आदर्श प्रथिनात ते 45 असावे असे मानतात. गर्भवतीला त्याहून अधिक लागते. डाळी-कडधान्यांच्या एक ग्रॅम प्रथिनात हेच लायसीन 65 ते 70 मिलिग्रॅम, आणि माशांत 90 च्या आसपास. उलट कडधान्यांत मेथिओनीन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात, ती तांदूळ आणि नाचणीत बरी असतात. शंभर ग्रॅम तांदळाच्या भातासोबत तीस ग्रॅम डाळ खाल्ली की दोघांच्या एकत्र प्रथिनांत लायसीन दर ग्रॅममागे 50 च्या वर जाते. तीस ग्रॅम म्हणजे कोरडी डाळ मोजल्यास साधारण दोन मोठे चमचे. पण कोकणातली रोजची आमटी पातळ असते, वाटपाने ती दाट दिसते इतकेच, आणि माझ्या मोजणीत माणशी डाळ बहुधा पंधरा ग्रॅमच्या आसपास भरते. चव उत्तम लागते, लायसीन अर्धेच पोहोचते.

कुळथाची पिठी याला अपवाद आहे, म्हणून ती मला फार मोलाची वाटते. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. कुळीथ भाजून दळल्यामुळे आणि मग शिजवल्यामुळे कच्च्या कडधान्यातले पचनाला आड येणारे घटक बरेच निष्प्रभ होतात. माणशी तीस ग्रॅम पीठ घेऊन ती घट्टसर केली की साडेसहा ग्रॅम प्रथिने एका वाटीत आली. कुळीथ उष्ण, गरोदर बाईने खाऊ नये, असे तुमच्या सासूबाई म्हणतात, हे तुम्ही लिहिले आहे. जेवणातल्या वाटीभर पिठीने गर्भाला इजा होते असे दाखवणारा कोणताही आधार नाही. तरीही घरात वाद नको असेल तर पिठीऐवजी मोड आणलेल्या मुगाची किंवा चवळीची उसळ करा. अमिनो आम्लांच्या दृष्टीने ती त्याच पंक्तीतली आहेत. रायगडकडच्या वाचकांना वालाचे बिरडे सांगायलाच नको. उडीद घातलेली आंबोळी ही साध्या घावण्यापेक्षा सरस, कारण तिच्यात तांदूळ आणि कडधान्य आधीच एकत्र आलेले असते आणि आंबवण्याने पचनही सोपे होते.

आता तुमची यादी. सकाळी दोन घावणे, दिवसभरात दोन कप चहा, दहा वाजता पेज आणि लोणचे, दुपारी भात, आमटी, भाजी, संध्याकाळी टोस्ट, रात्री पुन्हा भात आणि आमटी. याची बेरीज मी दोनदा केली. ती 35 ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि त्यातली दोन-तृतीयांश प्रथिने तांदळाची आहेत. यात माझ्या मते चार बदल पुरतील. घावण्याच्या जागी आठवड्यातून चार दिवस आंबोळी आणि तिच्यासोबत काळ्या वाटाण्याची उसळ. पेजेसोबत मूठभर, म्हणजे पंचवीस ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे किंवा त्यांची लसणीची चटणी, ज्यातून सहा ग्रॅम मिळतील. दुपारी आणि रात्री सध्याच्या आमटीच्या जोडीला एकेक वाटी उसळ किंवा घट्ट पिठी, दोन्ही मिळून तेरा ग्रॅम. आणि दिवसभरात दोन वाट्या दूध किंवा दही, साधारण 300 मिलिलिटर, म्हणजे आणखी दहा ग्रॅम. सगळे मिळून 65 च्या आसपास जाते. भात आणि डाळ एकाच घासात हवी असे नाही, एका दिवसात दोन्ही आली की शरीर जुळवून घेते. मात्र सगळी प्रथिने रात्रीच्या एका जेवणात कोंबण्यापेक्षा तीन-चार वेळा विभागली तर चांगले. आणि तुम्ही रात्री सर्वांचे झाल्यावर साडेदहाला जेवता आणि सकाळी घावणे नवाला खाता, हे अंतर गरोदरपणात फार होते. इतक्या उपाशी तासांत आईचे शरीर चटकन चरबी आणि स्वतःची प्रथिने मोडायला लागते. आठ वाजता जेवा, आणि झोपण्यापूर्वी दूध घ्या.

उपवासाच्या दोन दिवसांविषयी मी स्पष्ट बोलते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिन नसते. खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटाची. खिचडी, बटाटा, दोन कप दूध एवढ्यावर काढलेला दिवस पंधरा ग्रॅमवर संपतो, आणि आठवड्यातून दोनदा असे घडते. उपवास सोडा असे मला सांगायचे आहेच. गरोदर, आजारी आणि लहान मुले यांना आपल्या परंपरेतही सूट आहे, आणि घरातील ज्येष्ठांनी ती आपण होऊन दिली तर सूनबाईचा संकोच दूर होतो. तरीही तुमची श्रद्धा असेल तर राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, दाण्याची आमटी, दही आणि दूध यांवर तो दिवस काढा. राजगिऱ्यात प्रथिने शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम असतात आणि त्यात लायसीन इतर धान्यांपेक्षा बरेच चांगले असते, त्यामुळे उपवासाला चालणाऱ्या पदार्थांत मी त्याला पहिला मान देते.

कोकणातल्या वेळापत्रकाची एक अडचण बाहेरच्या लेखांत कधी वाचायला मिळत नाही, म्हणून ती इथे नोंदवते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, ताजी मासळी दुर्मिळ आणि महाग होते. बंदी उठते न उठते तोच श्रावण येतो, आणि श्रावण संपताच गणपती. ज्या घरांत हे सगळे कसोशीने पाळतात, तिथे जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ताटात मासळी नावालाच असते. ज्या स्त्रीचे शेवटचे तीन-चार महिने नेमके या काळात येतात, तिचा प्रथिनांचा मुख्य स्रोत सर्वांत जास्त गरजेच्या वेळी आटतो, आणि त्याची जागा भरायला कोणी काही ठरवलेले नसते. तुमच्याबाबतीत हेच झाले आहे. मेमध्ये सुकट, जवळा आणि खारे मासे भरून ठेवतात, तशीच घरात कोणी गरोदर असेल तर कुळीथ, चवळी, मूग आणि शेंगदाण्यांचीही जादा बेगमी करावी, हे मी दर उन्हाळ्यात अंगणवाडीच्या बैठकांत सांगते. अंगणवाडीतून गरोदर स्त्रीला मिळणारा घरपोच आहारही विसरू नका. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात रोज 600 किलोकॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण ठरवले होते. तो सगळ्या घरात वाटला जातो आणि तिच्या वाट्याला चमचाभर येतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

मासळी बंद झाल्याने आणखी एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे जीवनसत्त्व बी-12, आणि तिचा अमिनो आम्लांशी थेट संबंध आहे. मेथिओनीन वापरले गेले की त्यातून होमोसिस्टीन तयार होते. त्याचे पुन्हा मेथिओनीन करण्यासाठी फोलेट (म्हणजेच फॉलिक ॲसिड) आणि बी-12 दोन्ही लागतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासात, ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी स्थिती, सर्वांत जास्त आढळला. तुम्ही फॉलिक ॲसिडची गोळी घेता, ते योग्यच आहे. पण बी-12 तपासून घ्या आणि डॉक्टरांनी सांगितल्यास त्याची गोळी घ्या. दूध-दह्यातून ते थोडे मिळते, पातळी आधीच खालावलेली असेल तर ते पुरत नाही.

ग्लायसीन या अमिनो आम्लाचाही इथे उल्लेख करते, कारण पुस्तकांत ते अनावश्यक गटात घातले जाते आणि त्यामुळे दुर्लक्षित राहते. शरीर ते स्वतः बनवते हे खरे, परंतु बाळाचे कोलॅजेन, रक्तातील हीम, डीएनएचे घटक, सगळ्यांना ते लागते, आणि उत्तरार्धात मागणी इतकी वाढते की आईची निर्मिती जेमतेम पुरते. उंदरांवरील प्रयोगांत गरोदर मादीचा आहार प्रथिनांनी तोकडा ठेवला तर पिलांचा रक्तदाब पुढे वाढतो, आणि त्याच आहारात ग्लायसीन घातले तर तो वाढत नाही, असे दिसले. उंदरांवरून माणसांचे थेट ठरवू नये. सध्या शेंगदाणे, तीळ आणि भोपळ्याच्या बिया यांतून ते मिळेल. पुढे मासे सुरू झाल्यावर मऊ काट्यांचे छोटे मासे आणि त्यांच्या सालीसकटचा रस यांतून चांगले मिळेल.

तेव्हा गणपती गेल्यावर, तुमच्या बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला, मासळी परत येईल त्याविषयीही लिहून ठेवते. पेडवे, तारली, मांदेली, बोंबील, मुडदुशी, कोळंबी, शिजवलेल्या तिसऱ्या, हे सगळे आठवड्यातून तीन-चार वेळा निर्धास्त खा. शंभर ग्रॅम मासळीत अठरा-वीस ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. मोरी (शार्क) मात्र टाळा. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे मटण देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो आणि तो वाढत्या मेंदूला घातक असतो. मोठी सुरमई आणि कुपाही (ट्यूना) याच कारणाने क्वचितच घ्या. बांगडा उत्तम, पण ताजा, बर्फात ठेवलेलाच घ्या. त्यात हिस्टिडीन भरपूर असते, आणि उन्हात पडून राहिलेल्या बांगड्यात जिवाणू त्याचे हिस्टामीन करतात; ते शिजवूनही जात नाही, आणि मग अंगावर गांधी, डोकेदुखी, उलट्या होतात. आणि तुकडी पानात पडली की ती तुम्हीच खा. कालवणाचा रस भातावर घेऊन तुकडी नवऱ्याला किंवा मुलांना, ही सवय मला आजही सर्वत्र दिसते. रसात चव असते, लायसीन तुकडीत असते.

लघवीत प्रथिन आढळले तर डाळ, अंडी, दूध बंद करायचे, असा गैरसमज आपल्या भागात पक्का आहे. लघवीत उतरणारे अल्ब्युमिन खाल्लेल्या डाळीचे नसते, ते मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा झाल्यामुळे रक्तातून गळते, आणि त्यावर प्रथिने तोडणे हा उपाय नाही. रक्तदाब मोजून तातडीने डॉक्टरांना दाखवणे हा आहे. त्याचप्रमाणे कमी खाल्ले की बाळ लहान राहते आणि प्रसूती सोपी जाते, असे कोणी सांगितले तर ते मुळीच ऐकू नका. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आधीपासून आहे, किंवा फेनिलकीटोन्युरिया हा दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे, त्यांच्यासाठी वरील हिशेब लागू नाही. त्यांचा आहार त्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरावा. गरोदरपणात साखर वाढलेल्यांना मात्र भातासोबत उसळ वाढवणे दोन्ही अंगांनी उपयोगी पडते.

आहार सुधारला की बाळ लगेच भरून येईल, असे आश्वासन मी देत नाही. वाढ मागे पडण्याचे कारण आईच्या ताटात असेल तर फरक पडतो. ते वारेच्या रक्तप्रवाहात असेल तर आहार मदतीला असतो, उपचार नसतो. हे दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने सोनोग्राफी, डॉप्लर आणि दर भेटीला रक्तदाब हेच मार्ग आहेत. डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. एरवी पुढच्या तपासणीला जाताना पुन्हा तीन दिवसांचे जेवण लिहून न्या, त्यातला एक दिवस उपवासाचा असू द्या, आणि पेजेसोबत काय खाल्ले ते न विसरता लिहा.